कपाशीच्या फुलाचा दुसरा दिवस

रामकिसन, पुण्याहून तशी नोट आलीच नव्हती.

हे एवढं वाक्य मी गेली दोन वर्षं तुला सांगायला घेत होतो आणि दर वेळी चहाबरोबर गिळत होतो. तुला जाऊन आज तीन आठवडे झाले. आता ऐकायला तू नाहीस म्हटल्यावर माझी जीभ एकदम सैल सुटली आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "शेठ, गाडी गेल्यावर स्टँडवर येऊन राह्यला तू." बरोबर आहे. मी पहिल्यापासून असाच आहे, आणि तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. फक्त ही एक गोष्ट ठाऊक नव्हती.

आपण दोघं नक्की काय काम करतो हे मला अजूनही नातेवाइकांना धड सांगता येत नाही. कार्टून म्हटलं की लोक विचारतात, मग तो ससा तुम्ही काढला का? ससा आपण नाही काढला. ससा, पोरगी, बकरी, म्हातारा हे सगळे दुसरीकडे कुणीतरी काढतो. ते ज्या घरात राहतात, ज्या अंगणात पळतात, ज्या रानातून जातात, ते घर आणि अंगण आणि रान आपण काढायचं. आपल्या घरमालकांनी विचारलं तेव्हा तू त्यांना म्हणालास, "आम्ही फकत जागा करून देतो काका. राहायला दुसरे येतात." त्यावर ते म्हणाले, "मंग बिल्डर म्हना की." तेव्हापासून ते खालच्या दुकानदारांना आपली ओळख बिल्डर म्हणूनच करून द्यायचे आणि तू मान डोलवायचास.

नवीन जालन्यातली ती खोली अजून आपलीच आहे. खाली बियाण्याचं दुकान, वर आपण, स्टेशनकडे उघडणारी एक खिडकी. पेरणीच्या आधी खाली पिशव्यांसाठी गर्दी व्हायची आणि तू खिडकीतून वाकून ओळखीचं कुणी दिसतं का बघायचास. दिसलं की काम टाकून खाली. तुझ्या जाफराबादकडचं माणूस असेल तर अर्धा तास गेलाच. मी वर बसून चरफडायचो की इथे उद्या सकाळी सहा चित्रं द्यायची आहेत आणि साहेब पावसाच्या गप्पा मारून राहिलेत. तू वर आलास की मी खुर्ची जोरात सरकवायचो. तू विचारायचास, "खुर्चीला काय झालं?"

तुला पहिल्यांदा पाहिलं ते कुंभार पिंपळगावला. चुलतभावाच्या सोयरिकीसाठी आम्ही गेलो होतो आणि मोठी माणसं बोलत बसली म्हणून मी कंटाळून बाहेर पडलो. शाळेच्या भिंतीवर शिडी लावून तू लिंबाचं झाड काढत होतास. तालुक्यातल्या शाळांच्या भिंती रंगवायचं काम तेव्हा तुझ्याकडे होतं. मी पुण्याला दोन वर्षं हेच शिकून आलेलो, तेव्हा मला वाटलं, चला, गावातल्या पेंटरला चार गोष्टी सांगू. म्हटलं, झाडाची सावली चुकली, ऊन तर या बाजूने आहे. तू शिडीवरून खाली बघितलंस आणि म्हणालास, "आत्ता या बाजूनं हाये. पोरायची मधली सुट्टी झाली की त्या बाजूनं असतं. मला त्येंच्यासाठी काढायचंय, तुमच्यासाठी न्हाई." मी मधल्या सुट्टीपर्यंत थांबलो. घंटा झाली, पोरं बाहेर आली, आणि भिंतीवरची सावली आणि मैदानातल्या खऱ्या लिंबाची सावली एकाच बाजूला पडली होती. त्या दिवशी सोयरीक जमली नाही, पण मला तू मिळालास.

स्क्रीनवर पेन चालवायला तुला महिना लागला. पहिले आठ दिवस तू काचेवर फुंकर मारायचास, रंग वाळायची सवय हाताला होती म्हणून. मी हसलो की तूही हसायचास. नंतर मात्र तू शिकवायला लागलास आणि मी शिकायला, फक्त हे कबूल करायची मला कधी बुद्धी झाली नाही. मी चित्र भरून टाकायचो. रांजण, पाटी, सायकल, वाळत घातलेले कपडे, जे सुचेल ते. तू मागे येऊन उभा राहायचास आणि एकच विचारायचास, "पांदण ठेवली का?" शेताशेतांमधून बैलगाडी जाण्यापुरती वाट असते ती पांदण. तुझं म्हणणं, चित्रात माणूस नसला तरी तो येणार आहे, त्याला चालायला वाट पाहिजे. मी रांजण उचलून कडेला करायचो. आपल्याला काम देणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी एकदा फोनवर विचारलं की तुमच्या चित्रांमध्ये पात्रं इतकी बरोबर कशी बसतात, तेव्हा मी रचनेचे नियम वगैरे काहीतरी बोललो. तू समोर बसून डबा खात होतास. पांदणीचं नाव मी घेतलं नाही.

आपलं एक भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचो, चांगलं बॅकग्राउंड म्हणजे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पोरं सशाकडे बघतात, भिंतीकडे कोण बघतं? तू म्हणायचास, लक्ष जात नसेल, पण खोटं असलं तर पोराला कळतं. त्याला सांगता येणार नाही, पण कळतं. मी म्हणायचो, तुझा हा भाबडेपणा आहे. तू म्हणायचास, "असू दे. पन मी भाबड्यासाठीच काढून राह्यलो." यावर मी खुर्ची सरकवायचो.

त्या भांडणातूनच ती कपाशीची फुलं आली.

गोष्ट अशी होती की एक लहान मुलगी घरी रागावून कपाशीच्या रानात लपते. एक रात्र जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ससा तिला शोधून काढतो. रान तुझ्याकडे आलं, घर माझ्याकडे. पहिल्या दिवसाच्या चित्रांत तिच्या कानाजवळ तू एक फूल काढलंस, दुधाळ पिवळट. दुसऱ्या दिवसाच्या सात चित्रांत तेच फूल, त्याच फांदीवर, गुलाबी. आणि त्याच्या वर एक नवीन दुधाळ फूल. मी ते पाहिलं. मला वाटलं तू चुकलास.

हे लिहिताना मला लाज वाटते. ज्या गावात दर दुसऱ्या दुकानावर कपाशीच्या बियाण्याची पाटी आहे, ज्या गावात मी जन्मलो, वाढलो, तिथे मला हे माहीत नव्हतं की कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ असतं, संध्याकाळी त्याच्यावर लाली चढते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि मग गळून जातं. पिशवीवर छापलेलं फुटलेलं बोंड मी हजार वेळा पाहिलं होतं. फूल कधी बघितलंच नव्हतं.

तू तेव्हा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेला होतास. फोन करून विचारता आलं असतं. पण त्याच्या आधीच्या महिन्यात मी काढलेल्या घराच्या चित्रांत एक दार एका ठिकाणी हिरवं आणि पुढच्या ठिकाणी निळं झालं होतं. चूक पूर्ण माझी. मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या की असं पुन्हा झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. गुलाबी फूल पाहिल्यावर मला दार दिसलं. तू फुलं फाइलमध्ये वेगळ्या थरावर, लेयरवर, ठेवली होतीस, नीट नाव देऊन. तू इतका नीटनेटका होतास म्हणून तुझं चित्र बिघडवायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. सगळी फुलं दुधाळ करून मी काम पाठवून दिलं. पुण्याहून उत्तर आलं, छान झालंय. बस, एवढंच.

तू परत आलास आणि सवयीने पुण्याला गेलेली फाइल आधी उघडलीस. बराच वेळ बघत राहिलास.

"फुलं कोणी बदलली रे?"

मला तेव्हा म्हणता आलं असतं, मी. एका अक्षराचं काम होतं. मी म्हणालो, "पुण्याहून दुरुस्तीची नोट आली. दोन दिवसांत फुलाचा रंग बदललाय, चूक दिसते म्हणाल्या."

तू आधी हसलास. "चूक न्हाई ती. ते तसंच असतं." आणि मग मला सगळं समजावून सांगितलंस, पातं, म्हणजे कळी, कधी लागतं, फूल कधी उमलतं, गुलाबी झालं की समजायचं त्याचं काम झालं, आता बोंड धरणार. मी ऐकत होतो. घाबरून मी दुसरं खोटं बोललो. म्हटलं, "मी सांगितलं ना त्यांना. खूप भांडलो. ऐकतच नाहीत."

"तू भांडला?"

"हो."

"माझ्या फुलासाठी?"

रामकिसन, तुझा तो चेहरा मी विसरू शकत नाही. तू त्या घटकेला फुलं विसरून गेलास. खाली जाऊन दोन चहा सांगून आलास आणि दिवसभर शीळ घालत काम केलंस. मी समोर बसून एकच आभाळ पुन्हा पुन्हा रंगवत होतो.

तुझ्या जागी दुसरा असता तर विषय तिथे संपला असता. तू पुढच्या सोमवारी जाफराबादच्या एसटीतून कपाशीचं अख्खं झाड घेऊन आलास. मुळासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, मांडीवर धरून. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं म्हणून सांगत होतास. बादलीत माती भरून ते खिडकीत ठेवलंस, उमललेल्या फुलाचा फोटो काढलास, दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा राहून पुन्हा काढलास. झाड मान टाकायला लागलं होतं, पण फूल गुलाबी झालंच. दोन्ही फोटो मला पाठवून म्हणालास, "त्येंना एकदा पाहू तर दे. रागावू नको म्हणावं, बिलकुल तक्रार न्हाई. फकत पाह्यलं पाहिजे माणसानं."

मी म्हणालो, पाठवतो. ते फोटो पाठवले नाहीत. पाठवले असते तर मॅडमनी विचारलं असतं, हे कशाबद्दल? आज मी उलटा विचार करतो. कदाचित त्यांनी बघितले असते आणि म्हटलं असतं, अरे, किती सुंदर, तसंच ठेवा. तेव्हा वेळ होता. काम बाहेर जायला अजून महिना होता. तुझं फूल वाचलं असतं, आणि माझं बिंग फुटलं असतं. मी काय निवडलं ते तुला आता कळलं.

त्यानंतर दोन वर्षं आपण एकाच खोलीत बसलो. एकदा खालच्या टपरीवर मी सुरुवातही केली होती, "रामकिसन, ते फुलांचं..." तू मध्येच म्हणालास, "सोड रे. तू भांडला, झालं. आपलं काय ऱ्हायलं?" मी सोडलं. तू सोपं करून दिलंस आणि मी लगेच ते घेतलं.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी सकाळी फोनवर म्हणालास, छातीत जरा जड वाटतंय, उद्या येतो, ते संध्याकाळचं आभाळ तेवढं ठेव, मी करतो. दोन आठवडे मी ते ठेवलं. मग पुण्याहून विचारणा झाली आणि मीच केलं. वाईट झालं नाही. पण पूर्ण झाल्यावर मी सवयीने खुर्ची मागे घेतली आणि म्हटलं, "बघ रे." आपल्या कामात स्वतःचे डोळे मरतात, तासाभराने काही दिसेनासं होतं, दुसऱ्या कुणीतरी मागे येऊन उभं राहावं लागतं. आता मी चित्र आरशासारखं उलटं करून बघतो. त्यात चूक सापडते. पण कुणी काही विचारत नाही. परवा दिवसभरात मी बोललेलं एकमेव वाक्य होतं, "साखर कमी." इतका एकटेपणा मला या खोलीत येईल असं कधी वाटलं नव्हतं. आपण दोघं तरी असं काय बोलायचो? तासन्‌तास गप्पच असायचो. पण ती गप्प बसण्याची जातच वेगळी होती.

मागच्या आठवड्यात तुझं सामान घेऊन तुझ्या घरी गेलो. चष्मा, डबा, दोन शर्ट, ती पेनं. जाफराबादपर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीपमधून दोन्ही बाजूंना रान दिसत होतं आणि मी मुद्दाम मोबाइलमध्ये बघत बसलो.

सुनंदावहिनी ओसरीवर तूर निवडत होत्या. सामानातला डबा तेवढा उघडून त्यांनी हुंगला आणि बंद केला. मग बोलायला लागल्या. म्हणाल्या की ते कार्टून मोबाइलवर आलं तेव्हा तू, त्या आणि तुमची पोरगी, तिघांनी मिळून बघितलं होतं. "पोरगी म्हनली, बाबा, हे फूल अजून कालचंच कसं काय? तर हे म्हनले, पुण्याच्या लोकायला म्हायती न्हाई बेटा. तुझा सुधीर काका लय भांडला त्येंच्याशी." आणि पुढे म्हणाल्या, "लई डाव सांगायचे भाऊजी. म्हनायचे, माझ्यासाठी कोनी भांडलं असं पहिल्यांदा झालं."

पोरीला कळलं होतं, रामकिसन. तू म्हणायचास ना की पोराला कळतं. आपलं ते भांडण तू जिंकलास आणि मला सांगितलंही नाहीस. सांगितलंस तर मला वाईट वाटेल, माझ्या भांडणाची किंमत गेली असं वाटेल, म्हणून नाही सांगितलंस. तू असाच होतास.

मला राहवलं नाही. मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. नोट आली नव्हती. भांडलो नव्हतो. फुलं मी बदलली, फोटो मी दाबले. बोलताना मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं, खरं काम करतोय.

त्यांचे हात थांबले नाहीत. तुरीतले खडे वेचतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगून राह्यले भाऊजी?"

मी म्हणालो, "मनावर ओझं होतं."

"ते गेले तवा तुमच्यावर खुश व्हते. माझ्यापाशी त्येंचं तेवढं एक चांगलं व्हतं, का त्येंच्यासाठी कोनीतरी भांडलं. आता तुम्ही ते बी घेऊन चालले." आवाज चढला नव्हता. "मी तुमच्यावर रागवू का आता? मला एवढ्यात ते बी काम लावू नका. मला लई कामं हायेत."

आणि उठून चहा ठेवायला गेल्या. मी चहा घेतला. खारी दिली तीही खाल्ली. निघताना त्या दारापर्यंत आल्या, जीप लवकर मिळते का पाहा म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. मी मन हलकं करायला गेलो आणि माझं जड सामान एका दमलेल्या बाईच्या पदरात टाकून आलो. हा राग त्यांचा नव्हताच. तो तुझा होता, तो मी तुझ्याकडून घ्यायला पाहिजे होता.

तुझा राग मी एकदाच पाहिला होता, सुरुवातीच्या वर्षात, तुझ्या चित्रावर मी चुकून माझं नाव टाकून पाठवलं तेव्हा. तू ओरडला नाहीस. जेवणाच्या वेळी डबा घेऊन एकटाच गच्चीवर जाऊन बसलास. माझ्याशी फक्त कामापुरतं बोललास, आणि तेही 'तुम्ही' म्हणून. "तुमची फाइल झाली का? तुम्हाला फोन आलाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी माफी मागितली, ती तू ऐकून घेतलीस आणि गच्चीवर गेलास. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसलास, लसणाची चटणी माझ्या पोळीवर ठेवलीस आणि म्हणालास, "खा." त्यानंतर तो विषय तुझ्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

फुलांचंही तसंच झालं असतं. तू गच्चीवर गेला असतास, मला 'तुम्ही' म्हणाला असतास, आणि मग येऊन बसला असतास. ते टळावं म्हणून मी दोन वर्षं तुझ्याशी खोटा वागलो, रामकिसन. चारच दिवसांचा तर प्रश्न होता.